चीन मित्रासाठी खरोखर लढतो का? (कोरिया, व्हिएतनाम, पाकिस्तान)

दरीकिनारा:
नमस्कार मंडळी. चीन आणि उत्तर कोरिया यांच्यात ११ जुलै १९६१ रोजी झालेला तह परवा पुन्हा वाचला. दोघांपैकी एकावर हल्ला झाला तर दुसऱ्यानं ताबडतोब लष्करी मदत करायची, असं त्याच्या दुसऱ्या कलमात सरळ लिहिलंय. पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय आणि उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग यांनी सह्या केल्या. दर वीस वर्षांनी मुदत वाढत आली, शेवटची २०२१ मध्ये. एकमेकांसाठी लढण्याचा असा तह चीनचा आज दुसऱ्या कुठल्याही देशाशी नाही, पाकिस्तानशीसुद्धा नाही.

आता इतिहास बघा. १९५० साली कोरियाशी असा कुठलाही तह नव्हता, तरी चीननं लाखो सैनिक पाठवले. व्हिएतनामला फ्रेंचांविरुद्ध आणि अमेरिकेविरुद्ध वीस-पंचवीस वर्षं बंदुका, तांदूळ, तोफा पुरवल्या आणि १९७९ मध्ये त्याच्यावरच सैन्य घातलं. पाकिस्तानला १९६५ आणि १९७१ मध्ये तोंडभर पाठिंबा दिला, शिपाई मात्र एकही पाठवला नाही.

माझं मत असं की चिनी कम्युनिस्ट नेते तहाकडे किंवा विचारसरणीकडे बघून लढायला उतरत नाहीत. आपल्या सीमेपलीकडे उद्या कोण येऊन बसणार, एवढाच हिशेब असतो. माओ असो, डेंग असो की शी जिनपिंग. तुम्हाला काय वाटतं? वेगळं मत असेल तर जरूर मांडा. शक्यतो घटना आणि सालं देऊन बोलूया.

सह्यकडा:
जागा धरून ठेवतो. विषय आवडता आहे, रात्री निवांत लिहीन.

निळावंती:
दरीकिनारा, कोरियाच्या बाबतीत तुमच्याशी अर्धीच सहमत.

१९४६ ते १९४८ या काळात मांचुरियात चिनी कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी नेता चँग कै-शेकचं सैन्य (जे पुढे तैवानला गेलं) यांची लढाई चालू होती, तेव्हा उत्तर कोरिया हा कम्युनिस्टांचा पाठीमागचा तळ होता. जखमी तिकडे हलवले जायचे, रसद तिकडून फिरवून आणली जायची. हजारो कोरियन तरुण चिनी मुक्तिसेनेत लढले. त्यातल्या कोरियन तुकड्या १९४९-५० मध्ये शस्त्रांसकट किमकडे परतल्या आणि जून १९५० च्या दक्षिण कोरियावरच्या हल्ल्यात त्याच पुढे होत्या. हे ऋण माओच्या मनात नव्हतं असं मला नाही वाटत.

शिवाय पॉलिट ब्यूरोत ऑक्टोबर १९५० मध्ये काय झालं ते पाहा. बहुतेकांचा युद्धाला विरोध होता. यादवी संपून वर्षच झालेलं, तिजोरी रिकामी, तैवान घ्यायचं बाकी. लिन बिआओनं आजारपण सांगून सेनापतिपद टाळलं. पेंग द-हुआईला शिआनहून विमानानं बोलावून घेतलं, त्यानं माओला साथ दिली. स्तालिननं तर ऐन वेळी विमानांचं छत्र देण्याबाबत हात आखडता घेतला. तरी १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य यालू नदी ओलांडून गेलं. फक्त हिशेबावर चालणारा माणूस अशा वेळी थांबला असता.

दरीकिनारा:
निळावंतीताई, ऋणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कुणी मांडत नाही. पण सैन्य निघालं कधी? १५ सप्टेंबरला अमेरिकन फौजा इंचॉनला उतरल्या, उत्तर कोरियाचं सैन्य कोलमडलं, त्यानंतर. जूनमध्ये किमनं हल्ला केला तेव्हा ऋण होतंच की! मांचुरियातले पोलादाचे कारखाने आणि वीजकेंद्रं यालूला लागून आहेत. नदीच्या पलीकडच्या काठावर अमेरिकन रणगाडे, ही कल्पनाच माओला सहन होणारी नव्हती.

आणि चाऊ एन लायनं आधी इशारा दिला होता, तोही आपल्यामार्फत. ३ ऑक्टोबरला मध्यरात्री भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की अमेरिकन सैन्यानं ३८ वी अक्षांशरेषा ओलांडली तर चीन मध्ये पडेल, फक्त दक्षिण कोरियाचं सैन्य आलं तर गोष्ट वेगळी. दिल्लीनं निरोप पोहोचवला. वॉशिंग्टननं पणिक्करांना चीनधार्जिणे ठरवून तो बाजूला सारला. तो निरोप गांभीर्यानं घेतला असता तर किती जीव वाचले असते, या विचारानं आजही वाईट वाटतं.

फौजी_वारस:
पणिक्करांचं नाव निघालं म्हणून. या युद्धाच्या शेवटाशी आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाचा थेट संबंध आहे. जनरल एस. पी. पी. थोरात!

२७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, पण तिच्या आधी वर्षभराहून अधिक काळ वाटाघाटी एकाच मुद्द्यावर अडल्या होत्या: युद्धकैदी. चीनचं म्हणणं, आमचा एकेक माणूस परत द्या. अमेरिकेचं म्हणणं, ज्याला जायचं नाही त्याला बळजबरीनं पाठवणार नाही. परत जायला नकार देणारे २२ हजारांहून जास्त कैदी शेवटी भारतीय संरक्षक दलाच्या ताब्यात आले. त्यात १४ हजारांहून जास्त चिनी. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या आणि दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जवानांना इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं.

छावण्यांमध्ये वातावरण भयंकर तापलेलं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून धरून ठेवलं, तेव्हा थोरात मोजकी माणसं घेऊन स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. आमच्या घरी ही गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकलेली, नंतर वाचूनही खात्री केली. चिनी प्रतिनिधी कैद्यांना परत यायला समजावत होते, पण फार थोडे वळले. जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले. पेकिंगला हा घाव फार लागला. युद्धभूमीवर अमेरिकेला रोखलं याचा अभिमान एकीकडे, आणि आपलेच हजारो शिपाई चँग कै-शेककडे गेले हे दुसरीकडे.

याच थोरातांनी पुढे १९५९ मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख असताना नेफाच्या (आजचा अरुणाचल प्रदेश) संरक्षणाबद्दल धोक्याचा इशारा दिला होता. तो दिल्लीत कुणी ऐकला नाही. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

कारभारीण:
फौजी_वारस, थोरातांवर नक्की वेगळा धागा काढा. वाट बघते.

मला या सगळ्यात माणसांचं काय झालं ते सारखं आठवत राहतं. चीनच्या अधिकृत आकड्याप्रमाणे त्या युद्धात त्यांचे १,९७,६५३ लोक मेले. पातळ कापडी बुटांत उणे तीस अंशात लढलेली खेड्यातली मुलं. माओचा मोठा मुलगा आनयिंग रशियन दुभाषा म्हणून पेंगच्या मुख्यालयात होता, तो २५ नोव्हेंबर १९५० ला हवाई हल्ल्यात गेला. त्याला तिथेच, उत्तर कोरियात पुरलंय. आणि ज्या पेंगनं हे युद्ध लढलं त्याला १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत खरं बोलला म्हणून माओनं संपवलं. सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसून १९७४ ला तो मेला. मित्रदेशाचं राहू द्या, स्वतःच्या सेनापतीला ही वागणूक!

लिमलेट:
खूप नवी माहिती मिळतेय. एक साधा प्रश्न. युद्धानंतर उत्तर कोरिया चीनचा मांडलिक का झाला नाही? इतकी माणसं तिथे होती ना?

निळावंती:
लिमलेट, प्रश्न साधा नाही, सगळ्या धाग्याचा गाभा आहे.

डिसेंबर १९५० पासून संयुक्त कमान होती आणि सूत्रं पेंगच्या हातात. किमला स्वतःच्याच देशातलं युद्ध दुसऱ्याच्या हुकमानं चाललेलं बघावं लागलं. जानेवारी १९५१ ला सोल पुन्हा घेतल्यावर त्याला दक्षिणेकडे पाठलाग हवा होता. पेंग म्हणाला माणसं थकलीत, रसद पोहोचत नाही, थांबायचं. रेल्वेचा ताबा कुणाकडे, यावरून वेगळं भांडण. किम हे विसरला नाही.

नोव्हेंबर १९५३ च्या करारात चीननं युद्धकाळातलं सगळं देणं माफ केलं आणि वर ८० कोटी युआनची मदत दिली. चीन स्वतः रशियाकडून घेतलेल्या शस्त्रांचं कर्ज फेडत असतानाची ही गोष्ट. किमनं पैसे घेतले आणि येनानहून आलेल्या, म्हणजे चीनशी जवळीक असलेल्या सहकाऱ्यांना बाजूला सारायला सुरुवात केली. १९५६ मध्ये त्यांनी पक्षात आवाज उठवला तेव्हा हकालपट्टी झाली. त्यांना परत घ्या म्हणून सांगायला माओनं पेंगला आणि रशियानं मिकोयानला प्योंगयांगला पाठवलं. किमनं समोर मान डोलावली, पाहुणे गेल्यावर उरलेसुरलेही साफ केले. १९५८ मध्ये चिनी सैन्य पूर्ण परत गेलं. तीन वर्षांत, १९६१ च्या एकाच जुलै महिन्यात, पाच दिवसांच्या अंतरानं किमनं मॉस्को आणि पेकिंग दोघांशीही संरक्षण तह केले.

१९६२ च्या सीमाकरारात पेक्तू पर्वतावरच्या सरोवराचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग कोरियाला मिळाला, हेही जाता जाता. मोठा भाऊ कोण आणि कोण कुणाला वाकवतोय, सांगा बरं.

अटकेपार:
कामानिमित्त काही वर्षं ईशान्य चीनमध्ये होतो, म्हणून थोडं डोळ्यांनी पाहिलेलं. डांडोंग शहरात यालूवर एक तुटका पूल आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये अमेरिकन विमानांनी पाडलेला. चीनच्या बाजूचा अर्धा तसाच ठेवलाय, लोक तिकीट काढून टोकापर्यंत जातात. पलीकडे पाण्यात नुसते खांब. शेजारच्या दुसऱ्या पुलावरून मालाची वाहतूक चालू असते. उत्तर कोरियाचा चीनशी होणारा बहुतेक व्यापार याच गावातून जातो.

माझे तिथले सहकारी या युद्धाबद्दल फार आदरानं बोलायचे. एकाचे आजोबा परत आले नव्हते. २०१४ पासून दक्षिण कोरिया सापडलेल्या चिनी सैनिकांचे अवशेष परत पाठवतोय, पहिल्या खेपेला ४३७ आले. शेनयांगच्या विमानतळावर ते उतरतात त्या दिवशी ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलत नसे. पण त्याच लोकांना आजच्या किमबद्दल विचारलं की ते विषय बदलायचे. जनतेच्या मनातली मैत्री मेलेल्यांशी आहे, प्योंगयांगच्या सरकारशी नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

सह्यकडा:
आलो. मी व्हिएतनामवर लिहितो, कारण दरीकिनाऱ्याच्या मुद्द्याला खरा आधार तिथेच मिळतो.

हो चि मिन्ह चीनमध्ये राहिलेला, चिनी उत्तम बोलणारा माणूस. जानेवारी १९५० मध्ये त्याच्या सरकारला मान्यता देणारा पहिला देश चीन. जनरल वेई ग्वोचिंगच्या हाताखाली लष्करी सल्लागार गेले. दिएन बिएन फूला (मार्च ते मे १९५४) तोफा डोंगरावर चढवल्या व्हिएतनामी माणसांनी, पण शस्त्रांचा आणि दारूगोळ्याचा मोठा ओघ चीनमधून होता.

आणि लगेच दोन महिन्यांत जिनिव्हा. चाऊ एन लायनं हो चि मिन्हला लिउचौला भेटून गळी उतरवलं की १७ व्या अक्षांशाची फाळणी मान्य करा. हनोईला वाटत होतं जास्त मिळेल. चीनला भीती होती की ताणलं तर अमेरिका उतरेल आणि दक्षिण सीमेवर दुसरा कोरिया होईल. व्हिएतनामींनी ते मान्य केलं, पण कधीच माफ केलं नाही.

पुढे १९६५ पासून चीननं उत्तर व्हिएतनाममध्ये एकूण ३ लाख २० हजार सैनिक पाठवले. विमानवेधी तोफा, रस्ते, रेल्वे, पूल. १,१०० च्या आसपास मेले. हे सैन्य उत्तरेतच राहिलं आणि त्यामुळे हनोईला आपलं सैन्य दक्षिणेत लढायला मोकळं मिळालं. युद्धबंदीच्या वाटाघाटी, रशियाकडून येणारी क्षेपणास्त्रं आणि मग फेब्रुवारी १९७२ मध्ये माओ आणि निक्सन यांचं हस्तांदोलन, असं करत संबंध खालावत गेले. व्हिएतनाममध्ये युद्ध चालूच आहे आणि पेकिंगमध्ये निक्सनला मेजवानी. व्हिएतनामी पक्षाचा प्रमुख ले झुआन, त्यानं काय समजायचं?

नोव्हेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामनं रशियाशी तह केला, डिसेंबरच्या अखेरीस कंबोडियात शिरला आणि ७ जानेवारीला पोल पॉटची राजवट संपवली. पोल पॉटला पोसणारा चीन. १७ फेब्रुवारी १९७९ ला डेंगनं दोन लाखांहून जास्त सैन्य घातलं. ते ज्या रस्त्यांनी आत शिरलं त्यात मैत्री खिंडही होती, जिथून वर्षानुवर्षं मदतीचा माल गेला. लांग सोन घेऊन १६ मार्चपर्यंत परत.

फौजी_वारस:
सह्यकडा, उत्तम लिहिलंत. भर घालतो: तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनमध्येच होते! १९६२ नंतरची पहिली मोठी भेट. हल्ल्याची बातमी आली आणि ते दौरा अर्धवट टाकून परतले. डेंग 'धडा शिकवतो' म्हणत होते, आणि हीच भाषा आपण १९६२ मध्ये ऐकलेली. पाहुणा घरात असताना हे करणं मला आजही अपमानास्पद वाटतं.

एका मुद्द्यावर मतभेद. तुमच्या लिखाणातून असं वाटतं की कंबोडियासाठी, म्हणजे मित्रासाठी लढले. मला वाटतं निशाणा मॉस्को होता. डेंग जानेवारीत अमेरिकेला जाऊन कार्टरना आधी कल्पना देऊन आले. रशिया तहाप्रमाणे व्हिएतनामसाठी लढतो का, हे जगाला दाखवायचं होतं. रशिया लढला नाही. कंबोडिया मात्र सुटला नाही, व्हिएतनामी सैन्य तिथे पुढे दहा वर्षं राहिलं.

सह्यकडा:
मान्य, रशियाचा मुद्दा मोठा होताच. पण दरीकिनाऱ्याच्या प्रश्नाला हे जास्तच पूरक आहे ना? उत्तरेला रशिया, दक्षिणेला रशियाचा दोस्त, अशा कोंडीत चीन स्वतःसाठी लढला.

बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याशी वैरही पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि बोलणंही पूर्ण तुटत नाही, तसं या दोघांचं आहे. सीमेवर गोळीबार ऐंशीच्या दशकभर चालला, १९८८ मध्ये स्प्रॅटलीत ६४ व्हिएतनामी नौसैनिक मारले गेले, आणि १९९० मध्ये दोन्ही पक्षांचे नेते चेंग्दूत गुपचूप भेटले. पुढच्या वर्षी संबंध पूर्ववत. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी पडलेल्या बघून दोघेही हादरले होते.

कारभारीण:
चहा घेऊन बसले आणि तो गार झाला, इतकी गुंतले.

थोडं अवांतर. चिनी नेते भारतात आले की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या कुटुंबाला आवर्जून भेटत आलेत. १९३८ मध्ये गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातला हा तरुण तिकडच्या आघाडीवर जखमींची सेवा करत ९ डिसेंबर १९४२ ला गेला. माझं माहेर सोलापूर, त्यामुळे हे नाव लहानपणापासून मनात आहे. त्यांचं काम कुठल्याही राजकारणापेक्षा मोठं होतं. पण त्या भेटींच्या बातम्या वाचताना मनात येतं, माओच्या मुलाची कोरियातली कबर आणि कोटणीसांची शिजियाचुआंगची समाधी, दोन्ही ठिकाणी फुलं वाहिली जातात ती संबंध कसे आहेत ते पाहून.

लिमलेट:
पाकिस्तानबद्दल कुणी लिहील का? आपल्याला सगळ्यात जवळचा प्रश्न तोच.

दरीकिनारा:
लिहितो. २ मार्च १९६३ च्या सीमाकरारात पाकिस्ताननं शक्सगामचा सुमारे ५,१८० चौरस किलोमीटर भाग चीनला देऊन टाकला. जो भाग आपला, तो त्यांनी दिला. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये चीननं सिक्कीम सीमेवरची बांधकामं तीन दिवसांत पाडा असा निर्वाणीचा इशारा दिला. मुदत वाढवली, मग युद्धबंदी झाली, विषय संपला.

१९७१ जास्त बोलकं आहे. निक्सन आणि किसिंजर चीननं सीमेवर हालचाल करावी म्हणून मागे लागले होते. नोव्हेंबरमध्ये भुट्टो पेकिंगला जाऊन आले. पण ऑगस्टमध्ये भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झालेला, हिवाळ्यात खिंडी बंद, आणि सप्टेंबरमध्येच लिन बिआओ प्रकरणानं (माओविरुद्धच्या कटाचा आरोप, पळून जाताना विमान कोसळून मृत्यू) चिनी सैन्याचं नेतृत्व हादरलेलं. ढाका पडलं. चीन बोलत राहिला.

त्यानंतर चीननं पाकिस्तानला वेगळ्या प्रकारे उभं केलं. काराकोरम महामार्ग, रणगाडे, अणुकार्यक्रमाला हात, एकत्र बनवलेली जेएफ-१७ विमानं, जे-१०सी, ग्वादर बंदर. गेल्या काही वर्षांत पाकिस्तानच्या एकूण शस्त्र आयातीपैकी पाचात चार भाग चीनमधून येतो. मे २०२५ च्या संघर्षात ही शस्त्रं आपल्यासमोर होती. लढणारा शिपाई पाकिस्तानी, हत्यार चिनी. भारत अडकून राहिला की चीनचं काम भागतं, त्यासाठी तहाची गरज नाही. आपल्याकडे 'दोन आघाड्या' म्हणताना चीन स्वतः दुसरी आघाडी उघडेल असं गृहीत धरतात, पण खरा धोका या पुरवठ्याचा आहे असं मी कळकळीनं म्हणेन.

फौजी_वारस:
शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. नुसता शस्त्रांचाच पुरवठा धरू नका, उपग्रहांवरून मिळणारी माहितीही त्यातच आली.

अटकेपार:
एक गोष्ट सुटतेय. चीनमध्ये परदेशांशी दोन वाटांनी बोलतात. एक परराष्ट्र मंत्रालय, दुसरा पक्षाचा आंतरराष्ट्रीय संपर्क विभाग. उत्तर कोरिया आणि व्हिएतनामशी अडचणीच्या गोष्टी दुसऱ्या वाटेनं जातात, पक्षाकडून पक्षाकडे. ब्रह्मदेशात तर दोन्ही वाटा एकाच वेळी उलट दिशेला चालल्या. सरकारनं १९६० मध्ये रंगूनशी सीमा तह केला आणि १९६८ पासून पक्षानं युनानमधून तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांना शस्त्रं आणि माणसं दिली. डेंग १९७८ मध्ये सिंगापूरला गेले तेव्हा ली क्वान यू यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की आमच्या भागातल्या बंडखोरांना साथ देणं आधी थांबवा. नंतर ती खरंच आटत गेली.

लिमलेट:
मग मूळ प्रश्न. आज उत्तर कोरियावर हल्ला झाला तर चीन १९६१ चा तह पाळेल?

निळावंती:
ऑगस्ट २०१७ मध्ये ग्लोबल टाइम्स या चिनी वृत्तपत्रानं अग्रलेखात स्पष्ट लिहिलं होतं: उत्तर कोरियानं आधी क्षेपणास्त्रं डागली तर चीननं तटस्थ राहावं, अमेरिका आणि दक्षिण कोरियानं आधी हल्ला करून राजवट उलथवायचा प्रयत्न केला तर चीननं तो रोखावा. हे पक्षाचंच वृत्तपत्र, त्यामुळे वजन आहे. तहात अशी अट नाही, ती त्यांनी स्वतः घातली.

तरीही मी माझ्या जागेवर आहे. २४ ऑगस्ट १९९२ ला चीननं दक्षिण कोरियाला मान्यता दिली तेव्हा किमला धक्का बसला, पण चीननं तह मोडला नाही. तो मोडणं सोपं होतं.

दरीकिनारा:
ताई, मोडला नाही कारण तो असण्यानं दुसऱ्या कुणाला तिथे शिरायला जागा राहत नाही. बघा, जून २०२४ मध्ये पुतिन प्योंगयांगला गेले, परस्पर लष्करी मदतीचं कलम असलेला तह झाला आणि उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कला जाऊन रशियासाठी लढले. ३ सप्टेंबर २०२५ च्या पेकिंगमधल्या संचलनात शींच्या एका बाजूला पुतिन आणि दुसऱ्या बाजूला किम जोंग-उन उभे होते. आजोबानं १९६१ मध्ये जे केलं तेच नातू करतोय. आता शींना किमला पुन्हा जवळ घ्यावं लागतंय.

सह्यकडा:
आणि व्हिएतनामनं शीतयुद्धानंतर जे ठरवलं ते आजही पाळतोय: कुणाशीही लष्करी युती नाही, परदेशी तळ नाही. तो हनोईत शींचं स्वागत करतो, अमेरिकेशीही संबंध वाढवतो. चीनच्या जवळ राहून त्याचं ओझं न घेण्याचा हा मार्ग नेपाळ आणि भूताननं अभ्यासावा असा आहे. कुणाला नेपाळबद्दल अधिक माहिती असेल तर लिहा, १९६० च्या करारापासून पुढचं.

कारभारीण:
नेपाळवर माझ्या भाचीनं काम केलंय, तिला सदस्य व्हायला सांगते. रविवारपर्यंत धागा वर राहू द्या.